पानावरून नाव काढण्याआधी

भात कापायला आलं की माझ्या वहीत तीन याद्या सुरू होतात. आपल्या शेतात कोण कोण येणार, आपण कोणाच्या शेतात कधी जायचं, आणि मळणी संपेपर्यंत घरात काय काय लागेल. गुंद या आमच्या गावात आम्ही बहुतेक घरं एकमेकांच्या शेतात कापायला जातो, त्यामुळे पहिल्या दोन याद्यांत चूक झाली तर वर्षभर ऐकून घ्यावं लागतं. आज सकाळी पहिल्या यादीत देवक्काचं नाव लिहिलं. खळं सारवून वाळत पडलं होतं, त्याचा ओला वास पडवीपर्यंत येत होता. आणि मला तीन वर्षांपूर्वीच्या सुगीतली चौथी यादी आठवली. नऊ नावांची. तिच्यात शेताचं काहीच नव्हतं, आणि ती मला नीट करता आली नाही.

मी याद्या करणारी बाई आहे. बेळगावात बारा वर्षं एका कंपनीत संगणकाच्या पुस्तिका लिहायची: कोणतं बटण आधी दाबायचं, कोणतं नंतर. सासरे अंथरुणाला खिळले तेव्हा मी गुंदला आले, आणि ते गेल्यावरही राहिले. नोकरी सुटली, सवय सुटली नाही. जगभर वापरलं जाणारं एक फ्रेमवर्क आहे. फ्रेमवर्क म्हणजे वेबसाइट उभारायचा तयार सांगाडा. त्याचं माहितीपुस्तक जगभरची माणसं हौसेनं लिहितात, त्यांतली मी एक. सांगाड्याला रंगरूप द्यायला, म्हणजे अक्षर केवढं, बटण कुठल्या रंगाचं, दोन ओळींत अंतर किती हे सगळं ठरवायला, निरनिराळ्या लोकांनी केलेली तयार साधनं मिळतात. त्यांना लायब्ररी म्हणतात. नवख्या माणसानं त्यांतली कोणती घ्यावी हे सांगणारं एक पान त्या पुस्तकात आहे. ते पान सांभाळायचं काम माझ्याकडे आहे.

लायब्ररी करणारा माणूस थकतो. त्याची नोकरी बदलते, घरात मूल येतं, किंवा नुसतंच मन उडतं. लायब्ररी मात्र जिथं ठेवली तिथं पडून राहते आणि लोक ती उचलत राहतात. तिकडे फ्रेमवर्क पुढं जातं, आणि एके दिवशी दोघांचं जमेनासं होतं. त्या वर्षी फ्रेमवर्कची मोठी नवी आवृत्ती येणार होती. आमच्या पुस्तकाचं काम बघणारी हाना नावाची एक मुलगी आहे, लांब थंडीच्या देशात राहते, दर बुधवारी आमचं बोलणं होतं. ती म्हणाली, पान साफ कर, ज्यांच्याकडे कोणी बघत नाही त्यांची नावं काढून टाक. नियम सोपा होता. वर्षभर काही हललेलं नसेल तर कर्त्याला पत्र लिहायचं, तीस दिवस वाट बघायची, उत्तर नाही आलं तर नाव काढायचं.

मला वाटलं, एका दुपारचं काम.

त्या वर्षी पाऊस दिवाळीनंतरही रेंगाळला होता. भात पिकून आडवं झालेलं, आणि सकाळी दहापर्यंत सुपा धरणाच्या पाण्यावरून आलेलं धुकं शेतावर बसून असायचं. दव सुकल्याशिवाय विळा घालता येत नाही, म्हणून ते दोन-तीन तास माझे. मी पडवीत पोत्यांच्या थप्पीला टेकून लॅपटॉप मांडीवर घ्यायची. आमच्याकडे तारेवरचं इंटरनेट आहे, झाड पडेपर्यंत चालतं. भाताचं कुसळ अक्षरांच्या बटणांत जाऊन बसायचं आणि एखादं अक्षर दोनदा उमटायचं. त्या दिवसांत मी लिहिलेल्या सगळ्या पत्रांत कुठं ना कुठं एक जास्तीचं अक्षर आहे.

वहीत रकाने आखले. नाव, शेवटचा बदल कधी, पडून असलेले प्रश्न, पत्र, उत्तर, निर्णय. पाच नावं चांगली चालू होती, त्यांच्यापुढं खूण केली. एकाच्या कर्त्यानं त्याच दिवशी लिहिलं, काढा, ते नाव तिथं बघून मला रोज अपराधी वाटतं. एकाचं पत्र पत्ताच नाही म्हणून परत आलं. एकानं आपल्या लायब्ररीच्या माथ्यावर स्वतःच लिहून ठेवलं होतं की दुसरं काहीतरी घ्या. आठ ओळी भरल्या. राहिलं सात नंबर.

सात नंबर ही लहानशी लायब्ररी होती. तिचा कर्ता पत्राखाली नुसतं एक अक्षर लिहायचा, त्याचा फोटो मी कधी बघितला नाही. एकदा मी तिच्यातली एक चूक दाखवली होती तर दहा मिनिटांत दुरुस्त करून आभार मानले होते त्यानं. मला ती आवडायची. पानावर तिच्याबद्दल मी लिहिलं होतं, “लहान आहे, एका दुपारी शिकून होते.” वीस महिन्यांत तिच्यात काहीच बदललं नव्हतं. मी पत्र लिहिलं. उत्तर नाही. दुसरं लिहिलं.

आता इथं माझं काय चुकलं ते सांगते. ही चूक हाना करणार नाही, बेळगावातलं कोणी करणार नाही. ती आमच्या तालुक्यातलं माणूसच करू जाणे.

आमच्याकडे उत्तर न येणं म्हणजे नाही, असं कोणी धरत नाही. उत्तर न येणं म्हणजे रेंज नाही. कुंभारवाडा गावाकडच्या वाड्यांत फोन घरात नुसता उशाला असतो. आठवड्यातून एकदा कोणीतरी वरच्या सड्यावर, कातळाच्या उघड्या पठारावर, चढतं, तिथं खिशातला फोन पाच मिनिटं थरथरत राहतो, मग ते सगळ्यांची सगळी उत्तरं एका दमात देतं. लग्नाला बोलावलं आणि होय-नाही काही कळवलं नाही, तर त्या घराचं जेवण धरूनच स्वयंपाक करतात. सुगीत तर सड्यावरही कोणी जात नाही. त्याच वर्षी देवक्काला कापणीचं विचारलं होतं. शेजारच्या वाडीतली, माझ्याहून दहा वर्षांनी मोठी. तिचं काही उत्तर नाही. ठरल्या दिवशी विळा कमरेला खोचून दारात.

“कळवायचं तरी,” मी म्हटलं.

“येनार नस्ते तर कळवलं आस्तं,” ती म्हणाली. “येनार व्हते, कशाला कळवू?”

सात नंबरपुढच्या निर्णयाच्या रकान्यात मी लिहिलं: थांबा.

हानाला ते पटलं नाही. “तीस दिवस झाले,” ती म्हणाली. आम्ही इंग्रजीत बोलतो. दोघींचीही ती भाषा नाही, म्हणून सरळ बोलतो.

“तो कामात असेल,” मी म्हटलं. “आमच्याकडे या दिवसांत कोणी उत्तर देत नाही.”

“तो तुमच्याकडे राहत नाही.”

“कुठं राहतो?”

“ते मला ठाऊक नाही,” हाना म्हणाली. मग म्हणाली, “बरं. आवृत्ती येईपर्यंत थांबू.” मला वाटलं मी काहीतरी जिंकले.

सुनंदा त्याच आठवड्यात आमच्या शेतात आली. कुंभारवाड्याची, तिशीतली, दोन मुलींची आई. तिच्या सासूनं आमच्याकडे दिवस द्यायचा होता, सासूचा गुडघा धरला म्हणून ती आली. दुपारी बांधावर जेवायला बसलो तेव्हा तिनं फोन पुढं केला. तिच्या वाडीतल्या बायका कंद लावतात. जानेवारीत जोयड्याला कंदांचा बाजार भरतो, धारवाडचे, बेळगावचे, गोव्याचे लोक येतात. सुनंदानं त्या बायकांसाठी वेबसाइट केली होती. लोकांनी आधी मागणी नोंदवायची, बाजाराच्या दोन दिवस आधी तेवढेच कंद काढायचे. कंद मातीत आहे तोवर नीट राहतो. एकदा उपसला की परत पुरता येत नाही. म्हणून आकडा आधी कळणं महत्त्वाचं, नाहीतर सगळं अंदाजानं.

फोनवर पान सुरेख दिसत होतं. मातीच्या रंगाची पट्टी, तिच्यावर कंदांचे फोटो, खाली मोठ्या अक्षरांत कन्नड आणि मराठी. रेंज नव्हती म्हणून तिनं पानाचे फोटोच काढून आणले होते.

“कशात केलंस?” मी विचारलं.

“तुमच्याच पानावर बघून, अक्का. ल्हान हाय, एका दुपारी शिकून हुतं म्हनून लिवलंय न्हवं तुमी? मला तीन दुपारी लागल्या.”

देवक्का भाकरी मोडत होती. “अक्काची दुपार मोठी आस्ती,” ती म्हणाली. “तिला कुठं शेन काढायचं आस्तंय.”

सगळ्या हसल्या. मीही हसले. पण माझ्या हातातला घास तसाच राहिला होता. सात नंबर. तिला सांगावं की, अगं, याच्याकडे कोणी बघतंय की नाही कळत नाही? पण रकान्यात ‘थांबा’ लिहिलेलं होतं. जे माझं मलाच नक्की नाही ते तिला कसं सांगायचं? बारा वर्षांच्या नोकरीत मी एक गोष्ट शिकले होते, पुस्तिकेत ‘बहुतेक’ लिहायचं नाही. उत्तर आलं की सांगू, असं ठरवलं. “छान झालंय,” मी म्हटलं. नवी आवृत्ती आली की बदल करण्याआधी मला विचार, असंही म्हटलं. निदान मला तसं वाटतं. ते मी तोंडानं म्हटलं, की भारा उचलताना मनातल्या मनात, याबद्दल माझा आजही गोंधळ आहे. सुनंदाला तसं काही ऐकल्याचं आठवत नाही. देवक्काला विचारलं तर ती म्हणते, तू जेवताना काही बोललीच नाहीस.

मळणीचे दिवस आले. खळ्यावर पेंढ्या आपटल्याचा आवाज दिवसभर, त्याला एक ताल असतो, आणि तो थांबला की कानात पोकळी होते. पेंढ्याची धूळ घशात, अंगाला खाज. मधल्या वेळात मी सात नंबरला तिसरं पत्र लिहिलं. त्यात ‘तुमच्याकडेही कामाचे दिवस असतील’ असं एक वाक्य आहे. आज वाचताना लाज वाटते. लिहिताना मात्र अगदी रास्त वाटलं होतं.

आवृत्ती डिसेंबरात आली. माझ्या पानावर सात नंबर तसंच होतं.

सुनंदानं एका रविवारी सड्यावर बसून वेबसाइट नव्या आवृत्तीवर नेली, कारण नेण्याची सूचना तिला येत होती आणि ती सूचना पाळणारी बाई आहे. तिच्या फोनवर जुनं पान साठवलेलं होतं, तिला काही वेगळं दिसलं नाही. बाकीच्यांना पान उघडं दिसत होतं. रंग नाही, पट्टी नाही, एकेक कंद दाराएवढा, आणि मागणीची जागा त्या सगळ्यांच्या खाली, जिथवर कोणी जात नाही. मागण्या थांबल्या. सुनंदाला वाटलं, यंदा लोकांना नको असतील. बायका म्हणाल्या, असं कसं, गेल्या वर्षी पुरले नव्हते. शेवटी गेल्या वर्षीच्या अंदाजानं काढले. बाजारात निम्मे गेले, निम्मे टेंपोनं परत कुंभारवाड्याला आले. एका बाईनं दोन वर्षं जमिनीत ठेवून वाढवलेला कंद होता, मांडीएवढा. तोही उपसला होता, तोही परत आला.

हे मला बाजार होऊन गेल्यावर चौथ्या दिवशी कळलं, सुनंदा पडवीत येऊन उभी राहिली तेव्हा. ती बसली नाही.

“तुमाला ठाऊक व्हतं व्हय, अक्का?”

“नक्की ठाऊक नव्हतं,” मी म्हटलं. “अर्धंमुर्धं.”

“मग अर्धं सांगायचं व्हतं.”

मी तिला रकाने दाखवले. पत्र कधी लिहिलं, कधी परत लिहिलं. तिनं वही हातात घेऊन पानभर वाचली, सावकाश. “एवढं सगळं लिवून ठेवलंय,” ती म्हणाली, “आनि मी बांधावर तुमच्या म्होरं बसलेली.” तिचा आवाज चढला नव्हता. चढला असता तर मला बरं वाटलं असतं.

पुढचे चार दिवस ती रोज बसनं आली. आम्ही दोघींनी सात नंबर काढून तिथं चांगल्या चालणाऱ्या पाचांतलं दोन नंबर बसवलं, एकेक बटण, एकेक पट्टी. बोलणं कामापुरतं. पान पुन्हा सुरेख झालं, पण बाजार होऊन गेलेला. चौथ्या दिवशी ती गेल्यावर मी आमच्या पुस्तकातून सात नंबरचं नाव काढलं. त्याच्याबरोबर ‘एका दुपारी’ हे वाक्यही गेलं. हानानं लिहिलं, शेवटी केलंस. काढायला एक मिनिटही लागलं नाही.

काजूला मोहर आला होता तेव्हा सात नंबरचं उत्तर आलं. पडवीत तो आंबूस वास होता म्हणून आठवतं. लहानसं पत्र. नाव काढलेलं बघितलं, बरोबर केलंत. तुमची तिन्ही पत्रं आली होती. दर वेळी उघडायचो, काय लिहावं कळायचं नाही. सांभाळतोय म्हटलं तर खोटं झालं असतं, आणि सोडलं असं लिहवत नव्हतं. खाली नेहमीचं एक अक्षर.

मी ते पत्र कितीतरी वेळा वाचलं. रागवावं असं वाटत होतं, आणि रागवायला तोंड नव्हतं. त्याच्याकडे रेंज होती. सुगी नव्हती. तो तिकडे कुठल्या तरी खुर्चीत माझं पत्र उघडून बसलेला, आणि मी इकडे बांधावर घास हातात धरून बसलेली. दोघांनाही थोडंथोडं ठाऊक होतं, आणि आम्ही दोघंही गप्प होतो. याचा अर्थ काय काढायचा ते मला कळलं नाही. अजूनही कळलेलं नाही. ते पत्र कुठल्या रकान्यात टाकायचं हेही नाही. ‘उत्तर’ म्हणून एक रकाना होता, त्यात मी तारीख लिहिली आणि वही मिटली.

त्यानंतरची दोन वर्षं सुनंदा कापणीला आली, दिवस चुकवला नाही. पण मला काही विचारलं नाही. विचारायचं ते ती रामनगरच्या एका दुकानदाराच्या मुलीला विचारते असं कानावर यायचं. त्या मुलीला यातलं फारसं कळत नाही, हेही कानावर यायचं.

यंदा पानावर आठ नावं आहेत. चार नंबर गेल्या वर्षीच्या गणपतीपासून गप्प होतं, तिच्या कर्तीला लिहिलं, उत्तर नाही. या वेळी मी थांबले नाही. पानावरच, नावापुढं, लिहून टाकलं: “याची देखभाल चालू आहे की नाही, आम्हाला ठाऊक नाही.” हाना म्हणाली, माहितीपुस्तकात ‘ठाऊक नाही’ असं लिहीत नाहीत. मी म्हटलं, मग काय लिहितात? वाक्य राहिलं.

आणि आठच दिवसांत चार नंबरच्या बाईंचं पत्र. मी आईच्या आजारपणात होते, आता परत आले आहे, किती वेळ देता येईल ते सांगता येत नाही. पण तुम्ही ते वाक्य लिहिल्यापासून तिघांनी माझी लायब्ररी सोडली. मी सोडली नव्हती हो. तुमच्या वाक्यानं ती सुटत चालली आहे.

आता आली का पंचाईत. गप्प राहिले तर कुंभारवाड्याचे कंद परत येतात. बोलले तर त्या बाईंची माणसं जातात. वाक्य काढावं तर त्या पुढं काम करतील याची खात्री कोण देणार, त्या स्वतःच देत नाहीत. ठेवावं तर ते आता खरं राहिलेलं नाही, कारण निदान एवढं तरी ठाऊक आहे की त्या आहेत. मी वहीत दोन बाजू आखल्या. दोन्ही सारख्याच भरल्या.

परवा सुनंदाच्या शेतात कापायला गेले होते. दव सुकायची वाट बघत बायका बांधावर बसल्या होत्या. मी तिच्याजवळ जाऊन बसले आणि सगळं सांगितलं, पहिल्यापासून. ती विळ्याला धार लावत ऐकत होती.

“तुमी मला इचारताय?” ती म्हणाली.

“तुला.”

“ते वाक्य लिवलं तवा खरं व्हतं न्हवं?”

“होतं.”

“आनि आता त्या बाईनं उत्तर दिलंय.”

“उत्तर दिलंय. काम करीन असं नाही म्हटलेलं.”

“मग तेच लिवा की. अमक्या दिवशी उत्तर दिलं म्हनून. काम करत्यात असं लिवू नका, न्हाई करत असंबी नको.”

“एवढ्यावरून माणसानं काय समजायचं?”

ती उठली, पदर खोचला. दव सुकलंय का ते बघायला तिनं एका लोंबीवरून हात फिरवला.

“ज्याचं त्यो समजंल,” ती म्हणाली. “मी समजले असते.”

संध्याकाळी घरी येऊन मी जुनं वाक्य पुसलं आणि तिथं तेवढंच लिहिलं. याच्या कर्तीनं उत्तर दिलं आहे, आणि तारीख. हानानं अजून काही म्हटलेलं नाही. वाक्य अपुरं वाटतं. दोनदा उघडून बघितलं, पुढं काही जोडावं म्हणून. जोडण्यासारखं माझ्याकडे काही नव्हतं, म्हणून तसंच ठेवलं.